दोष उर्दूच्या फॉन्टचा नव्हता

कॉलबॅक हा शब्द माझ्या भाच्याने मला पहिल्यांदा समजावून सांगितला तेव्हा मी म्हटलं, म्हणजे ट्रंक कॉल. त्याला ट्रंक कॉल माहीत नव्हता. तो संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याच्या जन्माआधीच ती भानगड संपली होती. मग मला आधी ट्रंक कॉल समजावावा लागला.

परगावी फोन करायचा तर एक्स्चेंजला नंबर सांगून नोंदवायचा. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग तेही सांगायचं, कारण तिन्हींचे दर वेगळे. आणि मग रिसीव्हर खाली ठेवायचा. कानाला लावून बसायचं नाही. लाइन मिळाली की ऑपरेटर उलट फोन करणार. मधल्या वेळात भाकऱ्या होत, नमाज होई, मुलींच्या वेण्या होत. देशातली पहिली एसटीडी सेवा १९६० साली कानपूर आणि लखनौच्या दरम्यान सुरू झाली खरी, पण सगळीकडे पोचायला तिला बरीच वर्षं लागली, आणि तोवर हीच रीत होती.

आमच्या घरी तर फोनच नव्हता. मामू दम्मामला होते आणि त्यांचा फोन यायचा तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात. सौदीत जुम्याला सुट्टी, म्हणून फोन बहुधा जुम्याला. नानीने दुकानाच्या शेठला सांगून ठेवलं होतं: दम्मामचा फोन आला तर पोराला पळव. आम्ही घरी नसलो तर शेजारी सांग. नमाजाच्या वेळी आला तर अर्ध्या तासाने करायला सांग. आणि मध्येच कट झाला तर दहा मिनिटं कुणाला फोन वापरू देऊ नको, तो पुन्हा करेल.

मामू काय बोलणार हे शेठला ठाऊक नव्हतं, नानीलाही नव्हतं. फोन कधी येईल, येईल की नाही, हेही नाही. ठरलेलं होतं ते एवढंच की आला तर काय करायचं. भाचा म्हणाला, "खाला, हेच. नानीने शेठला कॉलबॅक देऊन ठेवला होता."

फंक्शन म्हणजे एक नाव देऊन बांधून ठेवलेल्या सूचना. नाव घेतलं की त्या सूचना ओळीने पाळल्या जातात. कॉलबॅक फंक्शनमध्ये फरक इतकाच की ते आपण स्वतः चालवत नाही, दुसऱ्याच्या हाती देतो आणि सांगतो की तुझं काम झालं की तू चालव. बीएडला आम्हाला ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ असं शिकवलं होतं. पाठ टाचणात ते वाक्य मी इतक्यांदा लिहिलं की त्याचा अर्थच गळून गेला होता. किराणा दुकानापासून निघून सर्व्हरपर्यंत पोचले तेव्हा तो परत आला.

नेटवर्कच्या कामात हे लागतं कशाला? कारण नेटवर्कवरचं उत्तर उशिरा येतं, आणि किती उशिरा ते कुणी सांगू शकत नाही. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करते. तिने सर्व्हरला प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली, तर तोवर पान गोठतं, बटण दाबलं जात नाही, काही टाइप होत नाही. एकच कारकून असलेल्या खिडकीसारखं आहे ते. तो फाइल आणायला स्वतः आत गेला की रांग थांबली. म्हणून तो शिपायाला पाठवतो, फाइल आली की काय करायचं ते सांगून ठेवतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. ब्राउझरमध्ये ही सोय १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आली. तिला ‘एजॅक्स’ हे नाव २००५ मध्ये मिळालं. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड हे साधन आणलं आणि सर्व्हरच्या बाजूलाही हीच पद्धत नेली: थांबायचं नाही, सूचना ठेवून पुढे जायचं.

इथवर सगळं सोपं आहे. पुढची गोष्ट एका यादीची आहे.

आमच्याकडच्या एका संस्थेतर्फे मुलांना प्रमाणपत्रं दिली जातात. संस्थेचं नाव इथे महत्त्वाचं नाही. प्रत्येक मुलाचं नाव दोनदा छापायचं असतं, एकदा देवनागरीत आणि एकदा उर्दूत. नावं सर्व्हरवर साठवलेली असतात, कार्यालयातला प्रोग्राम ती मागवून घेतो आणि छापतो. प्रमाणपत्रांआधी तपासणीसाठी यादी आली आणि ती वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण दोन्ही लिप्या वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. सहाशेच्या वर नावं होती. त्यांतली पाच तुटलेली. ‘फातिमा’ या नावात ‘फात’, मग काळ्या चौकटीतली दोन प्रश्नचिन्हं, मग ‘मा’.

कार्यालयात दाखवलं. तिथल्या गृहस्थांनी कागद हातात न घेताच सांगितलं, "उर्दूच्या फॉन्टचा प्रॉब्लेम आहे मॅडम. उर्दू कॉलम काढून टाकू, यादी सरळ येईल."

तुटलेल्या पाचांपैकी चार नावं देवनागरीतली होती. तेही मी दाखवलं. त्यावर उत्तर आलं की उर्दू उजवीकडून डावीकडे जाते ना, त्यामुळे शेजारचं मराठी पण बिघडतं. हे ते चिडून बोलत नव्हते, अगदी सहज बोलत होते, कुणी ‘पाऊस आहे, गाड्या लेट असणार’ म्हणावं तसं. मी यादी पुन्हा छापायला लावली. या वेळी फातिमा शाबूत होती, पण दुसरीकडे तीन वेगळीच नावं फुटली होती.

वीसेक वर्षं वह्या तपासल्यावर एक सवय लागते. मूल एक शब्द दर वेळी चुकीचा लिहीत असेल तर त्याला तो शब्द येत नाही. तोच शब्द एकदा बरोबर आणि एकदा चूक लिहीत असेल तर कारण शब्दात नाही, दुसरीकडे शोधायचं: झोप, घाई, शेजारचा मुलगा. फॉन्टचा दोष असता तर प्रत्येक वेळी तेच अक्षर फुटलं असतं. इथे दर छपाईला नावं बदलत होती, म्हणजे बिघाड अक्षरात नव्हता, ते येण्याच्या वाटेत होता. ऑपरेटर मुलगा भला होता. त्याने प्रोग्रामची फाइल पेनड्राइव्हवर दिली आणि भाच्याने रात्री जेवण झाल्यावर ती उघडली.

प्रोग्राम नोडमध्ये लिहिलेला होता. त्यात कॉलबॅक दोन होते. पहिला ‘डेटा’ या घटनेसाठी: सर्व्हरकडून काही आलं की हा चालव. दुसरा ‘एंड’साठी: सगळं येऊन संपलं की हा चालव. पहिल्या कॉलबॅकमध्ये एकच ओळ होती, जे आलं ते आधीच्या मजकुराला जोड. भाचा बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "खाला, ही ओळ इंग्रजीत बरोबर आहे."

त्याचं म्हणणं समजायला मला तीन संध्याकाळी लागल्या. जमेल तसं सांगते.

नेटवर्कवरून अक्षरं येत नाहीत, बाइट येतात. कुठलं अक्षर म्हणजे कुठले बाइट, हे ठरवणारी आज जगभर चालणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये तयार केली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. उर्दूच्या अक्षराला दोन. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि इथे काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. फातिमा हे नाव रोमन लिपीत सहा अक्षरांचं, म्हणून ६ बाइट. उर्दूत ते फे, अलिफ, तोय, मीम, हे अशा पाच अक्षरांत लिहितात, म्हणजे १० बाइट. देवनागरीत फ, काना, त, पहिली वेलांटी, म, काना अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट.

आता हे बाइट एका दमात येत नाहीत. लांबलचक मजकूर पाकिटांमध्ये भरून पाठवला जातो आणि नेहमीच्या जोडणीत एका पाकिटात जास्तीत जास्त १४६० बाइट मावतात. वाटेत संगणक काही पाकिटं एकत्र करून प्रोग्रामच्या हाती देतो, कधी कमी, कधी जास्त, त्या क्षणी काय येऊन पोचलंय त्यावर. म्हणजे ‘डेटा’चा कॉलबॅक एकदा नाही, अनेकदा चालतो आणि दर वेळी त्याच्या हाती एक तुकडा येतो. तुकडा कुठे तोडायचा ते अक्षरं बघून ठरत नाही, बाइट मोजून ठरतं. पाकीट भरणाऱ्याला अक्षर म्हणजे काय हेच माहीत नाही.

मी वहीच्या चौकटीच्या कागदावर मांडून पाहिलं. एक चौकट म्हणजे एक बाइट. १४६० ला ३ ने भागा. ४८६ चिन्हं पुरी बसतात, १४५८ चौकटी भरतात आणि दोन उरतात. त्या दोन चौकटींत ४८७ व्या चिन्हाचे दोन तृतीयांश बसतात, उरलेला एक बाइट पुढच्या पाकिटात. मजकूर निव्वळ उर्दूचा असता तर १४६० मध्ये बरोबर ७३० अक्षरं बसली असती, काहीच तुटलं नसतं. पण मधल्या कोऱ्या जागेला एकच बाइट लागतो, त्यामुळे तिथलंही गणित बिघडतं.

आता त्या एका ओळीतली गोम. ‘जोड’ म्हणताना प्रोग्राम प्रत्येक तुकड्याचं आधी मजकुरात रूपांतर करतो आणि मग जोडतो. तुकड्याच्या शेवटी वेलांटीचे दोनच बाइट आले असतील तर त्यांचं अक्षर होत नाही. मग प्रोग्राम तिथे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह ठेवतो आणि ते दोन बाइट फेकून देतो. पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला उरलेला एकटा बाइट येतो. त्याचंही काही होत नाही, म्हणून आणखी एक प्रश्नचिन्ह. फातिमाच्या नावातली दोन प्रश्नचिन्हं ही अशी. दुसऱ्या छपाईला पाकिटं वेगळ्या वेळी पोचली, तुकडे वेगळ्या जागी पडले आणि तडाखा दुसऱ्याच नावांना बसला.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना शिकवावा असा हा हिशेब आहे. निव्वळ देवनागरी मजकूर बाइट मोजून कुठेही कापला, तर तीनपैकी दोन वेळा कात्री अक्षराच्या आत पडते. उर्दूत दोनपैकी एक वेळा. इंग्रजीत कधीच नाही. म्हणजे या बिघाडाचा धोका उर्दूपेक्षा मराठीला जास्त होता, आणि उर्दू कॉलम काढून टाकला असता तरी मराठी नावं फुटतच राहिली असती. हे कळल्यावर मला आनंद झाला, लपवत नाही. थोडा चांगुलपणाचा नव्हता तो, जिंकल्याचाच होता.

मग हे आधी कुणाला कसं दिसलं नाही? कारण प्रोग्राम तपासताना बहुधा इंग्रजी नावं घालतात. आणि मराठी घातली तरी दहा-वीस घालतात. एवढी छोटी यादी एकाच तुकड्यात येते, तोडायला जागाच नसते. ओळ बरोबर असल्याचं सगळ्यांना दिसतं. ती फुटते खरं काम सुरू झाल्यावर, यादी लांबल्यावर. आणि तेव्हा डोळ्यांसमोर दोन अनोळखी गोष्टी असतात, एक प्रश्नचिन्ह आणि एक उर्दू. माणूस दोन्हींची सांगड घालून मोकळा होतो.

दुरुस्ती अगदी लहान आहे. आलेले तुकडे मजकूर न करता तसेच, बाइट म्हणून एकामागोमाग ठेवायचे, ‘एंड’चा कॉलबॅक चालला की सगळे जोडायचे आणि मग एकदाच अक्षरं करायची. किंवा सुरुवातीलाच त्या प्रवाहाला सांगायचं की हा मजकूर यूटीएफ-८ आहे. मग नोड स्वतः तुकड्याच्या शेवटचे अर्धवट बाइट बाजूला ठेवतो आणि पुढच्या तुकड्याच्या आधी लावतो. भाच्याने दुसरी वाट घेतली. एक ओळ वाढली. मला ती नानीच्या शेवटच्या सूचनेसारखी वाटते: मध्येच कट झाला तर फोन मोकळा ठेव, तो पुन्हा करेल. मामूंचं अर्धं वाक्य ऐकून शेठने निरोप बनवला असता आणि ‘येतोय’ आणि ‘येत नाही’ यांतला ‘नाही’ पुढच्या कॉलमध्ये राहिला असता, तर घरात काय झालं असतं?

माणसं तुकडा वाचू शकतात, हे खरं. आमच्या सोपाऱ्यातच त्याचं उदाहरण आहे. भगवानलाल इंद्रजींच्या काळात, १८८२ मध्ये, इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा मिळाला तो थेट १९५६ मध्ये, भुईगावला. आठव्यात काय म्हटलंय ते त्या मोडक्या दगडावरून ओळखता आलं, कारण तोच मजकूर गिरनारला आणि इतर ठिकाणी सबंध कोरलेला होता. पूर्ण प्रत दुसरीकडे असली की तुटकं वाचता येतं. फातिमाचं तुटकं नाव मीही वाचलंच की. पण त्या प्रोग्रामकडे दुसरी प्रत नाही, आणि उद्या शाळेचा दाखला आणि हे प्रमाणपत्र शेजारी ठेवून नाव जुळतंय का बघणाऱ्या खिडकीवरच्या माणसाला ओळखून घेण्याची मुभा नाही. नावातल्या एका वेलांटीवरून परत पाठवलेले पालक मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचा एक दिवसाचा रोज बुडतो.

दुरुस्त प्रोग्राम घेऊन कार्यालयात गेले. यादी छापली, एकही नाव तुटलं नाही. पुन्हा छापली, नाही तुटलं. गृहस्थ खूश झाले. म्हणाले, "छान झालं मॅडम. तरी पुढच्या वर्षी नावं इंग्रजीतच द्या ना. कटकटच नको."

या सूचनेत तथ्य नाही असं नाही. इंग्रजीत खरंच कधी तुटणार नाही. पण नझीर हे नाव घ्या. उर्दूत ते ‘झाल’ने लिहिलं तर अर्थ होतो सावध करणारा. ‘झोय’ने लिहिलं तर जोड, बरोबरीचा. ही दोन वेगळी नावं आहेत. एकाच वर्गात दोघे असले तर हजेरीत फक्त उर्दूच त्यांना वेगळं ओळखते. देवनागरीतही ते एकच होतात आणि इंग्रजीतही. आणि इंग्रजीची गंमत फक्त आमच्याच नावांशी नाही. काळे आणि काले हे इंग्रजीत एकसारखे लिहा आणि मग कोण कोण ते सांगा. ‘ळ’ असलेल्या प्रत्येक आडनावाची हीच गत. गृहस्थांचं स्वतःचं आडनाव त्यातलंच होतं. मी ते बोलून दाखवलं तेव्हा ते हसले, आणि उर्दू कॉलम राहिला.

भाच्याला तेव्हापासून माझ्याकडून आणखी एक काम लागलंय. आमच्या मुलांसाठी उर्दू-मराठी शब्दांची एक छोटी यादी मी बरीच वर्षं वहीत करत होते. दोन्ही भाषांत एकच रूप आणि अर्थ मात्र वेगळा, असे शब्द. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. उर्दूत इशारा म्हणजे खूण, मराठीत ताकीद. उर्दूत राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. मुलं यात हमखास अडखळतात. भाच्याने त्याचं पान बनवलं, वर शब्द टाइप करायचा, खाली अर्थ येतो. प्रत्येक अक्षर टाइप होताच सर्व्हरला प्रश्न जातो, उत्तर आलं की कॉलबॅक खालची जागा भरतो.

तिथे वेगळाच चमत्कार. मी ‘कलम’ टाइप केलं आणि खाली आलं: काल, उद्या. उर्दूत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही. झालं होतं असं की ‘कल’ला एक प्रश्न गेला, ‘कलम’ला दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी आलं, त्याने लेखणी लिहिलं. मग पहिल्याचं रेंगाळलेलं उत्तर आलं आणि त्याने ते पुसून आपलं लिहिलं. दोन्ही कॉलबॅकनी सांगितलं तेच केलं. ज्या क्रमाने विचाराल त्याच क्रमाने उत्तरं येतील असं नेटवर्क कधीच कबूल करत नाही. उपाय म्हणून आता प्रत्येक प्रश्नाला एक नंबर जातो आणि कॉलबॅक आधी बघतो, माझा नंबर अजून शेवटचाच आहे ना. नसेल तर गप्प बसतो. विरार लोकलमध्ये, नायगाव-भाईंदरच्या खाडीवर माझ्या मोबाईलची रेंज जाते-येते तेव्हा मी हे मुद्दाम तपासते. शेजारच्या बायकांना वाटतं मी परीक्षेचा अभ्यास करतेय.

नोडच्या जुन्या कॉलबॅकांची एक रीत मला फार आवडते. त्यांना उत्तर देताना पहिली जागा चुकीसाठी राखलेली असते, माहितीची जागा दुसरी. म्हणजे काही बिनसलं का, हे आधी वाचायचं, मग बाकीचं. आमच्या गल्लीत तार आली की उघडण्याआधीच बायका रडायला लागत, कारण चांगल्या बातमीसाठी कुणी तार करत नसे. तारही २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. पण प्रोग्रामांत ती पहिली जागा पुष्कळ जण नुसती लिहून सोडतात, वाचत नाहीत. उत्तर आलंच नाही तर काय, हे ठरवलेलं नसतं, आणि पडद्यावर ते चक्र फिरत राहतं. खिडकीशी उभ्या माणसाला सर्व्हर बंद आहे की आपलं नाव सापडत नाही, ते कळायला मार्ग नाही. शेठला नानीने निदान ‘आम्ही घरी नसलो तर’ सांगितलं होतं.

भाचा म्हणतो, आता कॉलबॅक कुणी असे उघडे लिहीत नाही. २०१५ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये प्रॉमिस आलं, २०१७ मध्ये ‘अवेट’ आलं. आता ओळी वरून खाली सरळ वाचता येतात, कॉलबॅक आत कुठेतरी झाकलेला असतो. वाचायला सोपं झालं यात वाद नाही, सूचनेत सूचना आणि तिच्यात सूचना अशी बाराखडीच्या पायऱ्यांसारखी उजवीकडे सरकत जाणारी जुनी पानं मीही पाहिलीत. सबंध उत्तर एकदम मागितलं तर अक्षरं जोडण्याचं कामही आतल्या आत बरोबर होतं.

पण सध्या त्याच्या कॉलेजात सगळे जण प्रश्नांना उत्तरं देणारी ती नवी यंत्रं आपल्या पानांत बसवतायत, आणि त्यांचं उत्तर सबंध येत नाही, चार-चार शब्दांनी झिरपत येतं. पुन्हा तुकडेच. परवा त्याने आपलं पान मला कौतुकाने दाखवलं. मी मराठीत विचारलं, वसईच्या किल्ल्याबद्दल. उत्तर ओळीओळीने उतरत होतं, छान होतं, आणि तिसऱ्या ओळीत ‘दरवाजा’च्या मधोमध ते काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटलं. त्याला दिसलं नाही, तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी पडद्यावर बोट ठेवलं. त्याने जीभ चावली, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि ती ओळ शोधायला लागला.